मांडवीतल्या बोटीवरची पोकर टूर्नामेंट: जेवण बरं, डीलर फर्स्टक्लास, आणि मी टाकलेल्या दोन राण्या

बोटीचं नाव लिहिणार नाही, मेसेज करून विचारलंत तरी सांगणार नाही, कारण मला परत जायचंय आणि तिथल्या फ्लोअर मॅनेजरशी माझे संबंध आत्ता कुठे बरे झालेत. पणजीला मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात त्यातली एक, एवढं पुरे. वीकेंडची टूर्नामेंट होती, एन्ट्री २५ हजार, एकदा री-एन्ट्री (चिप्स संपल्या तर परत पैसे भरून बसायचं), फायनल टेबल कॅमेऱ्यावर लाइव्ह. माझं सावंतवाडीला प्लायवूडचं दुकान आहे, पोकर मी आधी ऑनलाइन दहा-वीस रुपयांच्या टेबलावर शिकलो, मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाचे ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा आला आणि ती दुकानं मिटली, त्यामुळे आता हात शिवशिवले की बांद्याचा नाका ओलांडून गोव्यात जाणे हा एकच मार्ग. बायको म्हणते दहा रुपयांचं व्यसन होतं ते बरं होतं. बरोबरच आहे तिचं.

सुरुवात जेटीपासून करतो कारण निम्मे लोक तिथेच वैतागतात. संध्याकाळी सातनंतर छोट्या फीडर बोटीची लाइन म्हणजे अंगारकीची लाइन, त्यात बॅचलर पार्टीवाले, त्यांचे सेल्फी, मग एकाचं आयडी हॉटेलवर राहिलेलं. पोकरवाल्यांना वेगळी लाइन आहे असं फोनवर सांगितलेलं, तशी काही लाइन नव्हती, एक बोर्ड होता आणि बोर्डाखाली सिक्युरिटीवाला खुर्ची टाकून बसलेला. दुपारी चारच्या आत गेलात तर मात्र पाच मिनिटांत बोटीवर. आधार आणि पॅन दोन्ही ओरिजिनल न्या, मोबाइलमधले फोटो चालले नाहीत. वय २१ च्या वर पाहिजे. आणि पत्ता गोव्याचा असेल तर घरीच बसा, १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, आणि ते खरंच बघतात, नुसतं कागदावर नाही.

हे सगळं सांगायचं कारण माझा आतेभाऊ. आत्या डिचोलीला दिलेली, तिचा मुलगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, हिशोबाच्या कामात, पत्त्यांत माझ्यापेक्षा चौपट हुशार. गणपतीत आम्ही सगळे गावच्या घरी जमलो की रात्रभर मेंढीकोट आणि तीनशे चार, आणि हा समोरच्याच्या हातात काय राहिलंय ते सांगून डाव संपायच्या आधी उठून चहा टाकायला जातो. तो मला जेटीवर सोडतो आणि पलीकडून बोटीकडे नुसता बघत बसतो. गोव्यात जन्म गेला, बोट येता-जाता दिसते, आत पाय ठेवायची सोय नाही. त्याला त्याचं दुःख नाही म्हणा, तो म्हणतो आमचे पैसे वाचले.

पोकर रूम वरच्या मजल्यावर. खुर्च्या चांगल्या, पाठ दुखत नाही, टेबलाचं कापड नवीन, चिप्स स्वच्छ (काही ठिकाणी चिप्सना तेलकट वास येतो, इथे नाही). एसी मात्र असा की मासळीबाजारात बर्फात ठेवलेल्या बांगड्यासारखं वाटायला लागतं, जॅकेट न्याच. खालच्या डेकवर नाच-गाण्याचा शो सुरू झाला की जमीन हलते, तासभर प्रत्येक निर्णय ढोलाच्या ठेक्यावर घ्यावा लागतो. डीलर एक नंबर. हात चलाख, चुका जवळजवळ नाहीत, पॉट (मधे जमलेल्या चिप्स) मोजून विचारला की लगेच आकडा, आणि कुणी नवीन माणूस गडबडला तर खवचटपणा नाही. एक डीलर मुलगी पेडण्याची निघाली, टेबलावर अर्थात हिंदी-इंग्लिशच, पण ब्रेकमध्ये मला हळूच म्हणाली, काका तुम्ही पत्ते बघताना कोपरा फार उचलता, बाजूच्याला दिसतो. काका म्हणाली ते सोडा, सल्ला लाखाचा.

स्ट्रक्चर दिवसभर छान होतं, ४० हजार चिप्स आणि ३० मिनिटांची लेव्हल (लेव्हल बदलली की सक्तीने टाकायच्या चिप्स वाढतात), पण फायनल टेबलाला लेव्हल २० मिनिटांची केली. का, तर स्ट्रीमला वेळेत संपवायचंय. हे कुठेही आधी लिहिलेलं नव्हतं, टेबलावर बसल्यावर माइकवरून सांगितलं. म्हणजे सर्वात जास्त पैसे जिथे, तिथेच सर्वात कमी वेळ. वेळेसाठी इथेच एक तारा कापला.

जेवण बुफे. पंजाबी सगळं व्यवस्थित, पनीर मऊ, दाल बरी, गोड तीन-चार प्रकारचं. पण अरे, नदीत उभी बोट, समोर बेतीम, आणि फिश करीत माशाचा तुकडा शोधायला आकडी लागावी? हुमण कशाशी खातात ते त्या किचनला माहीत नसावं. आत्याने डब्यात सुंगटाचं किसमूर दिलेलं, ते जेटीवरच्या चेकिंगला काढून ठेवायला लावलं, बाहेरचं अन्न चालत नाही म्हणे. ते आतेभावाने गाडीत बसून खाल्लं. चहा मात्र रात्री दोनपर्यंत गरम मिळाला, हे मी विसरणार नाही.

आता फायनल टेबल. ११८ एन्ट्रीतून शेवटचे नऊ आणि त्यात मी, माझा स्वतःचा विश्वास बसत नव्हता. कोपऱ्यात वेगळं टेबल, वर पांढरे लाइट, तीन कॅमेरे, आणि पत्ते ठेवायला प्रत्येकासमोर एक चौकोन, त्याच्याखाली सेन्सर, पत्त्याच्या आत चिप असते त्यामुळे तुमचे पत्ते थेट स्क्रीनवर जातात. पूर्वी हे काचेतून व्हायचं. हेन्री ओरेनस्टाइन म्हणून एक खेळणी बनवणारा माणूस होता, नाझींच्या छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत गेलेला, त्याने १९९५ मध्ये खेळाडूचे झाकलेले पत्ते कॅमेऱ्याने दाखवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर लेट नाइट पोकर या कार्यक्रमात टेबलाखालच्या काचेतून लोकांनी पहिल्यांदा खेळाडूंचे पत्ते पाहिले. त्याच्या आधी टीव्हीवर पोकर बघणं म्हणजे चार माणसं तोंड पाडून बसलेली बघणं. आणि गंमत बघा, ज्या दिवशी पत्ते दिसायला लागले त्या दिवसापासून सोफ्यावर बसलेला प्रत्येक माणूस शहाणा झाला. मी पण त्यातलाच. वीस वर्षं सोफ्यावर बसून मोठमोठ्या लोकांना शिव्या घातल्यात की कसा काय टाकला रे हा पत्ता.

स्ट्रीम अर्धा तास उशिराने जाते, म्हणजे बाहेरून कुणी पत्ते बघून आत सांगू नये. फोन जमा करून घेतात, पाकिटात घालून नंबर देतात. बरोबर आहे. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे पोकरच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या, मेन इव्हेंटला जोनाथन तमायो जिंकला तेव्हा त्याच्या मागे बसलेले मित्र लॅपटॉप उघडून बसलेत आणि हा मध्ये मध्ये उठून त्यांच्याकडे जातोय यावरून केवढा दंगा झाला, पुढच्या वर्षी त्यांना नियमच बदलावा लागला. इथे मागे बसायला कुणाला देतच नाहीत त्यामुळे प्रश्न मिटला. माझा लॅपटॉप म्हणजे आतेभाऊ, तो जेटीजवळ गाडीत, आणि तो बघत होता ते अर्धा तास शिळं.

ह्या टेबलाबद्दल माझी खरी तक्रार एकच आणि ती नीट वाचा. शॉट क्लॉक, म्हणजे एका निर्णयाला मिळणारा वेळ, ३० सेकंदांचं, ते मोठ्या लाल आकड्यांत बरोब्बर समोर. आणि बक्षिसांचा बोर्ड, कितव्या नंबरला किती आणि कुणाकडे किती चिप्स, तो पाठीमागे. माझ्या सीटवरून बघायचा तर मान पूर्ण वळवावी लागते, आणि मान वळवली की कॅमेऱ्यात दिसतं की हा पैसे मोजतोय. म्हणजे घाबरवणारी गोष्ट डोळ्यासमोर आणि विचार करायला लागणारी गोष्ट पाठीला. कॅमेऱ्याला छान दिसतं म्हणून असं लावलंय हे मला नंतर कळलं.

आता हात, म्हणजे तो डाव. न खेळणाऱ्यांसाठी: प्रत्येकाला दोन झाकलेले पत्ते, मधे सगळ्यांचे पाच, आधी तीन (फ्लॉप), मग चौथा (टर्न), मग पाचवा (रिव्हर), आणि दर वेळी बोली; चेक म्हणजे न लावता सोडणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढं टाकणं, ऑल-इन म्हणजे सगळं लावणं, फोल्ड म्हणजे पत्ते टाकणं. पाच जण उरलेले, ब्लाइंड २० हजार-४० हजार, वर ४० हजार अँटी (दोन्ही पत्ते बघायच्या आधी सक्तीने टाकायच्या चिप्स). माझ्याकडे ९ लाख ६० हजार. निळ्या हूडीवाला पोरगा, बेंगळुरूचा, त्याच्याकडे १८ लाख ४० हजार, तो बिग ब्लाइंडला (मोठा ब्लाइंड टाकायच्या जागी). मी बटणवर (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायची जागा), उचलून बघतो तर राण्या, इस्पिक आणि चौकट. (कोपरा कमी उचलला, पेडण्याच्या मुलीची आठवण ठेवून.) ८५ हजार केले, हूडी कॉल. फ्लॉप गुलाम, अठ्ठी, चौकी, तीन वेगळ्या रंगांची. त्याने चेक, मी ८० हजार, त्याने कॉल. टर्न दुर्री. त्याने चेक, आणि मी पण चेक केलं, इथेच खरं तर माझी हवा गेलेली होती, पॉट लहान ठेवतोय असं स्वतःला सांगितलं. रिव्हर परत चौकी. पॉटमध्ये ३ लाख ९० हजार. आणि हूडी शांतपणे म्हणतो, ऑल-इन. माझ्यासाठी ते ७ लाख ९५ हजार, म्हणजे पॉटच्या दुप्पट, म्हणजे माझं सगळं.

लाल आकडा ३० वरून खाली यायला लागला.

मला काय आठवलं सांगू का? ते प्रामाणिकपणे लिहितो कारण रिव्ह्यूत खोटं लिहून फायदा नाही. चौकी लागली असेल, जॅक-फोर असेल, एक्का-चौकी असेल, हे सगळं नंतर बनवलेलं. त्या वेळी डोक्यात होतं की उद्या दुकानात येणारा सुतार पण हे बघणार. कॉल केला आणि त्याच्याकडे चौकी निघाली तर लोक म्हणणार बघा, राण्यांच्या प्रेमात मेला. फोल्ड केलं तर निदान कुणाला काही कळणार नाही. अरे मूर्खा, कळणार नाही कसं, तुझे पत्ते सेन्सरवर ठेवलेत! पण हे त्या ३० सेकंदांत सुचलं नाही. टाइम बँकेचं, म्हणजे जास्तीचा वेळ घ्यायचं, एक कार्ड शिल्लक होतं ते पण वापरलं नाही, चार सेकंद राहिले असताना पत्ते पुढे सरकवले. तीन पत्तीत पॅक म्हणतो तसं, पॅक. हूडीने पत्ते न दाखवता डीलरकडे दिले आणि पाण्याची बाटली उघडली. त्या बाटलीचा आवाज मला अजून येतो.

पुढचं भराभर. सर्वात छोटा स्टॅक दहा मिनिटांत गेला, त्यामुळे मी पाचव्याचा चौथ्यावर आलो, मग माझा एक्का-सत्ती एका जोडीवर आपटला आणि मी चौथा. चौथ्याला २ लाख ३० हजार, त्यातून ३० टक्के टीडीएस, हातात १ लाख ६१ हजार, त्यात माझ्या दोन एन्ट्रींचे ५० हजार गेलेले. पेमेंटला काही त्रास नाही, फॉर्म भरला, पॅन दाखवलं, पैसे सांगितलेल्या दिवशी बँकेत. इथे पूर्ण मार्क. फोटो काढला, हातात एक फोमचा मोठा चेक दिला आणि फोटोनंतर काढून घेतला.

फोन परत मिळाला तेव्हा आतेभावाचे मेसेज, शेवटचा कोकणीतून: कितें केलें रे तुवें? तो कोकणीत आला की समजायचं विषय गंभीर आहे.

पहाटे जेटीवर उतरलो तर तो गाडीला टेकून उभा, काही बोलला नाही. पणजीत सकाळी सहाच्या सुमाराला भाजी-पाव मिळतो अशा ठिकाणी घेऊन गेला, दोन पातळ भाज्या, मिरची भजी, चहा, आणि मग त्याने ग्लासला फोन टेकवून मला माझाच व्हिडिओ दाखवला. हूडीकडे दश्शी-नव्वी. म्हणजे फ्लॉपनंतर सत्ती किंवा राणी आली असती तर सीक्वेन्स, दोन राण्या माझ्याच हातात, काही आलं नाही, आणि त्याने हवेवर ऑल-इन लावलेला. कॉमेंट्री करणारे दोघं आधी गप्प, मग एकजण हसला. दुसरा म्हणाला सर टाइट (म्हणजे फार जपून) खेळतात. सर! आणि खाली माझं आडनाव चुकीचं लिहिलेलं, एक अक्षर कमी, ते बघून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

मी लगेच म्हटलं, आयसीएम बघ ना पण, पाच जण होते, छोटा स्टॅक (कमी चिप्सवाला) मरायला टेकलेला, तो गेला की पैशाचा जंप होता. हे वाक्य मी फीडर बोटीतच तयार करून ठेवलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टूर्नामेंटमध्ये चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. तुमच्या चिप्स दुप्पट झाल्या म्हणून तुमच्या बक्षिसाची किंमत दुप्पट होत नाही, कारण पहिल्याला सगळं मिळत नाही, खालच्यांना पण वाटून दिलेलं असतं. आणि सगळे चिप्स गेले की तुम्ही तिथेच थांबता, तुमच्यापेक्षा छोटा माणूस तुमच्या पुढे जातो. सगळ्यांच्या चिप्स बघून कोण कितवा येण्याची किती शक्यता आणि त्याचे किती रुपये हे काढायची जी रीत ती आयसीएम. म्हणून फायनल टेबलावर साध्या हिशोबाने जो कॉल बरोबर, तो पैशाच्या हिशोबाने चुकीचा असू शकतो.

आतेभावाने भजी खाली ठेवली, टिशूवर लिहायला सुरुवात केली. ७ लाख ९५ हजार भरून एकूण १९ लाख ८० हजारांचा पॉट, म्हणजे चिप्सच्या हिशोबाने तुला १०० पैकी ४० वेळा जिंकायला हवं. मग फोनवर पाचही जणांचे स्टॅक टाकले, बक्षिसं टाकली, पहिल्याला ७ लाख, दुसऱ्याला ४.६, तिसऱ्याला ३.२, चौथ्याला २.३, पाचव्याला १.७. फोल्ड केल्यावर तुझी जागा साधारण ३ लाख ६८ हजारांची. कॉल करून जिंकलास तर ५ लाखांच्या जरा वर. हरलास तर १.७. म्हणजे कॉल करायला १०० पैकी ५८ च्या आसपास वेळा जिंकायला हवं. चाळीस आणि अठ्ठावन्न. केवढा फरक बघा! त्या पोराने दर दहातले सहा वेळा हवेवर लावलं असतं तरच कॉल. आता तो तसं लावेल का, आतेभाऊ म्हणतो लावेल, सगळ्यात मोठा स्टॅक त्याच्याकडे, पाच जणांत सगळे घाबरलेले, त्याला लायसन्सच होतं. मी म्हणतो इतकं नाही. ह्यावर आम्ही अजून भांडतोय.

पण माझ्या चेहऱ्यावर हुश्श आलेलं बघून तो म्हणाला, थांब, तू हे तिथे मोजलंस का? नाही. बोर्ड बघितलास? नाही, मागे होता. मग हे तुझं कारण नाही, माझं आहे, तू फुकट वापरतोयस.

मग आम्ही तिथेच चहावर चहा मागवत जुने हात काढले. २००६ चा मेन इव्हेंट, ८,७७३ एन्ट्री, तिघे उरलेले: जेमी गोल्ड, पॉल वासिका, मायकल बिंगर. वासिकाच्या हातात इस्पिकची सत्ती-अठ्ठी, फ्लॉपला किलवरची दश्शी आणि इस्पिकची छक्की-पंजी. म्हणजे चौकी आली तरी सीक्वेन्स, नव्वी आली तरी सीक्वेन्स, कुठलंही इस्पिक आलं तरी फ्लश. असा ड्रॉ आयुष्यात किती वेळा येतो! गोल्डने डोंगराएवढ्या चिप्स घेऊन ऑल-इन लावलं, त्याच्याकडे नुसता चौकी-तिर्रीचा ड्रॉ, आणि वासिकाने विचार करून फोल्ड केलं. टर्नला सत्ती, गोल्डचा सीक्वेन्स, रिव्हरला इस्पिक, म्हणजे वासिका असता तर फ्लशवर तोच जिंकला असता. हा फोल्ड मी दहा वर्षं चेष्टेत सांगितलाय. पण पैसे बघा: त्या हातात कॉल केलेला बिंगर गेला, तिसऱ्याला ४१,२३,३१० डॉलर, दुसऱ्याला ६१,०२,४९९. वासिका एकही पत्ता न उघडता जवळजवळ २० लाख डॉलर वर सरकला. पहिलं बक्षीस १ कोटी २० लाखांचं होतं आणि ते मिळायची संधी त्याने सोडली, खरंय, पण निदान त्या फोल्डला किंमतीची चिठ्ठी लावलेली होती. चूक म्हणा, बावळटपणा म्हणता येत नाही. आतेभाऊ म्हणतो तरी चूक.

आणि सॅमी फारहाचा २००३ चा. तो तर माझा लाडका. ८३९ खेळाडू, शेवटचे दोघं, एकीकडे फारहा, मुरलेला जुगारी, दुसरीकडे ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा अकाउंटंट, ऑनलाइन ८६ डॉलरच्या सॅटेलाइटमधून (मोठ्या टूर्नामेंटची एन्ट्री जिंकायच्या छोट्या टूर्नामेंटमधून) आलेला. बोर्डावर नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी, तिर्री, त्यात तीन इस्पिक. फारहाकडे राणी-नव्वी, म्हणजे बोर्डावरच्या सर्वात मोठ्या पत्त्याची जोडी. मनीमेकरकडे राजा-सत्ती, फ्लश हुकला, सीक्वेन्स हुकला, काहीच नाही, आणि रिव्हरला सगळं पुढे. फारहा बराच वेळ बघत राहिला आणि त्याने टाकलं. आता इथे आयसीएमची पळवाट नाही. दोघंच उरले की दुसऱ्याचे १३ लाख डॉलर दोघांच्याही खिशात पडलेलेच असतात, भांडण फक्त वरच्या पैशाचं, जितक्या चिप्स तितका हक्क, सरळ हिशोब. म्हणजे फारहाने निव्वळ माणूस वाचायला चुकला म्हणून टाकलं. नवखा माणूस एवढ्या मोठ्या स्टेजवर हवेवर सगळं लावेल हे त्याला पटलं नसावं. मला हूडीबद्दल हेच वाटलं, फक्त इथे नवखा मी होतो.

तिथेही राणी होती हातात, आतेभाऊ म्हणाला. आणि २००९ ला हाय स्टेक्स पोकर या टीव्ही कार्यक्रमात टॉम ड्वानने दश्शी आणि राणीवर पीटर ईस्टगेटला तीन दुर्र्या आणि बॅरी ग्रीनस्टाइनला दोन एक्के टाकायला लावले, तिथेही राणी, पण त्याने ती चालवली, धरून बसला नाही. ईस्टगेट तर आदल्याच वर्षीचा मेन इव्हेंट जिंकलेला माणूस. अर्थात तो कॅश गेम, म्हणजे चिप्स हेच पैसे, तिथे जंप-बिंप काही नसतो, फक्त समोरचा ड्वान असतो आणि ते पुरतं. फिल आयव्हीने २००९ च्या मेन इव्हेंटला फायनल टेबलाच्या आधी चक्क जिंकलेला फ्लश न बघता टाकून दिला, तो पण कॅमेऱ्यासमोर, आणि तरी सातवा आला. हे ऐकून मला जितकं बरं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही, कारण आयव्हीला ते दिसलं नव्हतं. मला दिसत होतं.

आत्याकडे पोचलो तर ती म्हणाली, मिळाले ना पैसे? मग कसली तोंडं पाडून बसलात? तिला पूर्ण हात समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं, ती तीनशे चार पक्की खेळते, आणि विचारलं, त्याने आधी कधी एवढं मोठं लावलेलं का? मला सांगता आलं नाही. चार तास एका टेबलावर बसलो आणि तो पोरगा रिव्हरला किती वेळा आणि किती लावतो ह्याची मी नोंदच घेतली नव्हती, मी माझ्याकडे कॅमेरा आहे का तेच बघत होतो.

बोटवाल्यांना मी मेल केला, सभ्य भाषेत, की बक्षिसांचा बोर्ड समोर लावा किंवा टेबलात छोटी स्क्रीन बसवा, आणि फायनलची लेव्हल किती मिनिटांची ते आधी लिहा, आणि माझं आडनाव दुरुस्त करा. उत्तर तीन दिवसांनी आलं, बोर्डाचं बघतो म्हणाले, लेव्हलबद्दल काही नाही. आडनाव दुरुस्त केलं. ते मी करू नका म्हणायला हवं होतं, आता नाव शोधलं की पहिला व्हिडिओ तोच येतो.

एकूण पाचपैकी साडेतीन. डीलर आणि पेमेंटसाठी पाच, जेवणाला तीन, फायनल टेबलाच्या मांडणीला दोन, त्यातला एक चहाचा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी थेट २५ हजारांत उडी मारू नका, शुक्रवारी छोटी टूर्नामेंट असते ती खेळा, कॅमेरा नसतो. री-एन्ट्रीचे पैसे घरीच ठेवून जा, मी ठेवले नाहीत. गाडी जेटीच्या समोर लावू नका, वीकेंडला उचलून नेतात, जरा लांब लावून चालत या. आणि जॅकेट.